महानगराची रात्र कोणाच्या मालकीची?

(केम, ता. करमाळा, जि. सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महानगरांच्या रात्रजीवनाची चर्चा केमसारख्या गावात कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. कुंकवाच्या उद्योगासाठी ओळखले जाणारे हे गाव. जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यानचे एक लहान स्थानक. परंतु येथून रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्यास जाणारा तरुण तेथे जे काम पत्करतो, ते पुष्कळदा रात्रीचेच असते. हॉटेलातील भांडी घासणे, इमारतीचा पहारा, गोदामातील मालाची चढउतार, घरोघर जेवण पोचविणे, ही सारी कामे शहर करमणुकीस बाहेर पडते तेव्हा सुरू होतात. आणि जो गावातच राहतो, त्याची रात्र तरी त्याची स्वतःची असते काय? कित्येक वर्षे महाराष्ट्रात शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा आठ तास आणि रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत राहिली. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात शेतकरी बॅटरी घेऊन उसाची दारे धरावयास जातो आणि साप-विंचवाच्या भीतीत पहाट करतो. दिवसाची वीज प्रथम शहराला आणि कारखान्याला, उरलेली रात्र शेतकऱ्याला, हा क्रम निसर्गाने ठरविलेला नाही. तो अर्थव्यवस्थेने ठरविलेला आहे.

म्हणून रात्रीचा प्रश्न हा प्रथम श्रमाचा प्रश्न आहे, नीतीचा नंतर. तथापि आपल्या सार्वजनिक चर्चेत तो नेहमी उलट्या क्रमाने येतो. एक पक्ष म्हणतो, रात्री उशिरापर्यंत चालणारी ठिकाणे म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास. ती बंद करा. दुसरा पक्ष म्हणतो, रात्र उघडी राहिली म्हणजे व्यापार वाढेल, रोजगार वाढेल. ती मोकळी करा. या दोन्ही पक्षांना रात्रपाळीचा माणूस दिसत नाही. बंदी आली तर तो उपाशी राहतो आणि मोकळीक आली तर तो जागा राहतो. या दोहोंपलीकडे समाजवाद्यांना काही सांगावयाचे आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी मुंबई आणि चीनमधील शांघाय ही दोन बंदरे शेजारीशेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरेल.

या दोन शहरांचे गोत्र एकच आहे. दोन्ही ब्रिटिश व्यापाराच्या आश्रयाने वाढली. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि त्यान्वये शांघाय परकीय व्यापाराला खुले झाले. तीच अफू मुंबईच्या धक्क्यावरूनही चीनकडे जात होती आणि तिच्या नफ्यातून मुंबईच्या काही थोर घराण्यांची संपत्ती उभी राहिली. दोन्ही शहरांत कापडगिरण्या आल्या, गिरण्यांमागे खेड्यांतून लक्षावधी माणसे आली आणि माणसांमागे त्यांची रात्र आली.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. यंत्र थकत नाही आणि ते बंद राहिले तर भांडवलावरील व्याज मात्र चालूच राहते. म्हणून यंत्र अहोरात्र चालविण्याकडे मालकाचा स्वाभाविक कल असतो. मार्क्सने ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसाची चिकित्सा करताना रात्रपाळीचे मूळ याच हिशेबात दाखविले आहे. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा हा हिशेब प्रत्यक्षात उतरला आणि कामगाराचा दिवस सूर्यास्ताच्या पुढे ताणला गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी हा मुंबईच्या कामगाराचा पहिला मोठा विजय होता. या लढ्याचा आशय केवळ विश्रांतीपुरता नव्हता. आपल्या वेळेचा काही भाग आपल्या मालकीचा असावा, ही ती मागणी होती.

या मालकीच्या वेळेत गिरणगावाने स्वतःचे रात्रजीवन उभे केले. तो शब्द त्या वेळी कोणी वापरीत नसे, एवढेच. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. ज्यांना झोपावयास जागा नसे ते गच्चीवर, पदपथावर किंवा भजनात रात्र काढीत. कोकणातून नमन-खेळे आणि दशावतार आले, देशावरून तमाशा आणि कुस्तीचे आखाडे आले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला रात्रशाळा चालविल्या आणि तिच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके होत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारखे कवी आणि निळू फुल्यांसारखे नट रात्रीच्या मैदानावर लोकांसमोर आणले. तिकीट परवडणारे असे किंवा नसेच. चळवळीला त्या काळी रात्रीविषयी काही सांगावयाचे होते आणि लोक ते ऐकावयास मध्यरात्रीपर्यंत बसत, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

अर्थात त्या रात्रीचे गौरवीकरण करण्याचेही कारण नाही. त्यात दारूचे गुत्ते होते, व्याजाने पैसे देणारे पठाण होते आणि स्त्रियांच्या शरीराचा बाजारही होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुत्ते नाहीसे झाले नाहीत. ते हातभट्टीच्या रूपाने वस्तीत शिरले आणि हप्त्याची एक नवी व्यवस्था जन्मास आली. ज्या तमाशावर गिरणगाव जगत होते, त्यावरही १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने बंदी घातली व पुढे अटी घालून ती उठविली. बंदीच्या त्या काळात नाचणारणीच्या घरी चूल कशी पेटणार, हा प्रश्न सरकारी कागदांत दुय्यम होता.

नेमक्या याच सुमारास शांघायमध्ये काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत त्या शहरात अनेक नृत्यगृहे निघाली होती. १९३३ मध्ये उघडलेले ‘पॅरामाउंट’ हे त्यांतील सर्वांत झगमगीत. येथील नर्तकी तिकिटावर काम करी. गिऱ्हाईक तिकीट विकत घेई, तिच्याबरोबर नाचे आणि त्या तिकिटाच्या पैशांत मालकाचा वाटा असे. गिरणीतील कापडाच्या वारावर मिळणाऱ्या मजुरीपेक्षा हा प्रकार तत्त्वतः निराळा नव्हता. १९४७ मध्ये चँग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारने काटकसर आणि नीतिमत्ता यांच्या नावाखाली व्यावसायिक नृत्यगृहांवर देशभर बंदी जाहीर केली. शांघायमध्ये कोणती गृहे प्रथम बंद करावयाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरविण्याचा दिवस आला ३१ जानेवारी १९४८. त्या दिवशी हजारो नर्तकी, वादक आणि वाढपी यांनी सामाजिक व्यवहार खात्याच्या कचेरीवर चाल केली, दारे-खिडक्या फोडल्या, कागदपत्रे फेकून दिली. शेकडो जणांना अटक झाली. देशात यादवी युद्ध पेटलेले, चलन कोसळलेले, साठेबाज मोकाट. आणि सरकारची नैतिक तलवार उगारली गेली ती तिकिटावर नाचणाऱ्या मुलीवर.

१९४९ च्या मे महिन्यात शांघाय कम्युनिस्टांच्या ताब्यात आले. नव्या सत्तेनेही ही रात्र संपविली, पण पद्धत निराळी होती. नोव्हेंबर १९५१ मध्ये शहरातील उरलेली वेश्यागृहे बंद करून स्त्रियांना एका प्रशिक्षणसंस्थेत ठेवण्यात आले. तेथे औषधोपचार झाले, अक्षरओळख झाली, कामे शिकविली गेली आणि पुढे अनेकींना कारखान्यांत वा शेतीवर धाडण्यात आले. नृत्यगृहे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एकेक करून मिटली. ‘पॅरामाउंट’चे चित्रपटगृह झाले. या इतिहासाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिले पाहिजे. पर्यायी उपजीविका देण्याची जबाबदारी राज्याने घेतली, ही जमेची बाजू. त्या संस्थेच्या दारावर पहारा होता आणि आत आणलेल्या स्त्रीची संमती कोणी विचारली नव्हती, ही खर्चाची बाजू. ज्या राज्याला माणसाच्या रात्रीचा हिशेब हवा असतो, ते तेवढ्यावर थांबत नाही, हेही पुढे दिसले. १९८३ च्या गुन्हेगारीविरोधी मोहिमेत घरगुती नृत्याच्या बैठकी भरविल्याबद्दल ‘गुंडगिरी’च्या कलमाखाली लोकांना कठोर शिक्षा झाल्या. हे सैल कलम चीनच्या दंडसंहितेतून निघाले ते १९९७ मध्ये.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. गिरण्या थंडावल्या, भोंगे थांबले आणि गिरणगावाची रात्रपाळी संपली. रात्रपाळीबरोबर तिच्यावर जगणाऱ्या खानावळी, चहाची दुकाने, भजनी मंडळे, फड हेही आटत गेले. ज्यांची उपजीविका गेली त्यांच्या घरांतील पुढची पिढी कोणत्या कामाला लागली? कोणी पहारेकरी झाला, कोणी वाढपी झाला, कोणी पाकीटमारीच्या आणि टोळ्यांच्या वाटेला गेला. याच दशकापासून मुंबई आणि उपनगरांत ज्यांना पुढे डान्सबार म्हटले गेले ती ठिकाणे वाढली. त्यांत नाचणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी उत्तर भारतातील आणि महाराष्ट्रातील अशा जमातींतून आल्या होत्या, की ज्यांच्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावरच घर चालवावे लागले.

या तालुक्यातील श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन लिहिणारे डॉ. किशोर शांताबाई काळे याच करमाळा तालुक्यातले; १९९४ मध्ये त्या पुस्तकाने दाखवून दिले, की नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर अवघे घर पोसले जाते आणि तरीही त्या घरात तिलाच किंमत नसते. त्यांनी बापाऐवजी आईचे नाव लावले, त्याचा अर्थ तोच आहे. मोडनिंबची संगीतबारी येथून दूर नाही. मोडनिंबपासून मुंबईपर्यंत नाचाचे ठिकाण आणि गाण्याची चाल बदलली. नाचणारी, पैसे उधळणारा आणि मधला मालक हे तिघे मात्र बदलले नाहीत.

२००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून ती अमलात आली. या बंदीतून तीन तारांकित आणि त्यावरील दर्जाची हॉटेले वगळण्यात आली होती. म्हणजे तेच नृत्य महागड्या दालनात संस्कृती आणि स्वस्त दालनात विकृती! बारमधील स्त्रियांच्या संघटनेने हजारोंच्या संख्येने आझाद मैदानावर येऊन विचारले, की आम्ही उद्यापासून काय करावयाचे? पुरोगामी चळवळीतही तेव्हा दोन तट पडले. काही स्त्रीसंघटनांनी बंदीचे स्वागत केले, काहींनी तिला न्यायालयात आव्हान दिले. स्वागत करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. स्त्रीचे शरीर विक्रीस ठेवले जाऊ नये आणि गरिबाच्या घरचा पैसा बारमध्ये जाऊ नये, हे म्हणणे योग्यच होते. परंतु पर्यायी रोजगार हाती नसताना हातचे काम काढून घेणे म्हणजे त्या स्त्रीला तिच्याच भल्यासाठी उपाशी ठेवणे होय, एवढा साधा हिशेब त्या भूमिकेत सुटला होता. शांघायच्या राजवटीने स्वातंत्र्य घेतले आणि निदान काम दिले. महाराष्ट्राने काम घेतले आणि पुनर्वसनाची भरीव योजना मात्र उभी केली नाही.

एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या तत्त्वांविरुद्ध ठरविली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती, २०१६ मध्ये नवा कायदा आणि १७ जानेवारी २०१९ रोजी त्या कायद्यातील अनेक जाचक अटी सर्वोच्च न्यायालयाने सैल केल्या. चौदा वर्षे हा खटला चालला. या चौदा वर्षांत बंदीमुळे अनेक स्त्रिया वेश्याव्यवसायाकडे ढकलल्या गेल्या, याची दखल न्यायालयालाही घ्यावी लागली. कामगार म्हणून त्यांची नोंद, त्यांचे किमान वेतन, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी, हे विषय या सबंध वादात कडेलाच राहिले.

एकीकडे ही बंदी, तर दुसरीकडे त्याच शहरात दुसऱ्या एका रात्रीला राजमार्ग मोकळा झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करावयाचे ठरविले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि लोकांच्या वाट्याला तुकडे आले. फिनिक्स गिरणीच्या आवारात करमणुकीची दालने आणि मॉल आला; कमला गिरणीच्या आवारात कचेऱ्या, उपाहारगृहे आणि मद्यगृहे आली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला गिरणीच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. जेथे एके काळी कारखानानिरीक्षक येत असे, तेथे अग्निसुरक्षेचे नियमही धाब्यावर बसले होते. गिरणीमालकाने पूर्वी श्रमातून नफा मिळविला. आता तो भूमीच्या भाड्यातून मिळू लागला. रात्रीच्या एका पेल्याच्या किमतीत गिऱ्हाईक प्रामुख्याने त्या जमिनीचे भाडे भरीत असतो. पेला भरणाऱ्याच्या हाती त्यातले फारच थोडे लागते.

शांघायची वाटचाल येथेही फार वेगळी नाही, आणि हे समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावे. १९८० च्या दशकात तेथे नृत्यगृहे पुन्हा सुरू झाली. २००१ मध्ये ‘शिन्त्यान्दी’ नावाचा विलासी विभाग उघडला. जुन्या विटांच्या चाळवजा घरांतील रहिवासी हलवून, त्या घरांचा दर्शनी भाग राखून, एका हाँगकाँगच्या कंपनीने तेथे मद्यगृहे आणि दुकाने थाटली. त्याच्या अगदी लगत ते घर आहे, जेथे जुलै १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन भरले होते! २०१९ मध्ये शांघायच्या नगरशासनाने ‘रात्रीच्या अर्थव्यवस्थे’चे धोरण जाहीर करून प्रत्येक विभागात तिच्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे ठरविले. अडीच कोटींच्या आसपास वस्तीच्या या शहरात रात्री राबणारे हात बहुतांशी बाहेरगावच्या स्थलांतरितांचे आहेत. १९५८ पासूनच्या वस्तीनोंदणीच्या पद्धतीमुळे त्यांना शहरवासीयांचे हक्क पुरते मिळत नाहीत. तरीही त्या शहरांत एक गोष्ट टिकून आहे. संध्याकाळी सार्वजनिक चौकांत आणि बागांत प्रौढ, निवृत्त स्त्रिया मोठ्या संख्येने एकत्र जमून संगीतावर नाचतात. त्याला तिकीट नाही, दारवान नाही. रात्र विकत न घेताही उपभोगता येते, याचे हे उदाहरण आहे.

मुंबईतही जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मॉल आणि गिरणी-आवारे अहोरात्र उघडी ठेवण्याच्या योजनेस मान्यता दिली; दोनच महिन्यांत साथीने शहर बंद पडले. या योजनेचा कायदेशीर पाया २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. १९४८ च्या जुन्या कायद्याने स्त्रियांना दुकानांत रात्रीचे काम वर्ज्य केले होते. नव्याने त्यांच्या संमतीने, आणि संरक्षणाची व घरी पोचविण्याची सोय करण्याच्या अटीवर ते खुले केले. हे पाऊल योग्य आहे. रात्र स्त्रीला वर्ज्य असावी, हा विचार समाजवादी असू शकत नाही. परंतु हा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता होता आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा व दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे दुकान रात्रभर उघडे राहणार आणि कायद्याचे छत्र अधिक आखूड होणार. पुण्यात २००७ मध्ये कॉल सेंटरच्या रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीची, कंपनीने ठरविलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह हत्या केली होती. घरी पोचविण्याची अट कागदावर असणे आणि प्रत्यक्षात असणे यांतील अंतर किती प्राणघातक असते, ते यावरून कळावे.

या विवेचनातून कार्यकर्त्यांपुढे चार कामे येतात. पहिले, रात्रीच्या कामगाराची नोंद. वाढपी, पहारेकरी, घरपोच सेवा देणारा, वादक, नर्तकी हे सर्व कामगार आहेत. त्यांच्या व्यवसायाविषयी आपले मत काहीही असो, त्यांच्या वेतनाविषयी आपले मत एकच असले पाहिजे. दुसरे, वाहतूक. मुंबईची लोकलगाडी साधारणपणे मध्यरात्रीनंतर एक ते चार बंद असते. रात्र उघडी ठेवावयाची तर बेस्टच्या रात्रगाड्या वाढविल्या पाहिजेत. शांघायने आठवड्याअखेरीस भुयारी रेल्वेच्या काही मार्गांची वेळ वाढविली, ती याच कारणाने. ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यासाठी रात्र खुली आणि ज्याने त्याला वाढले तो फलाटावर पहाटेची वाट पाहणार, हे चालू देता कामा नये. तिसरे, सार्वजनिक जागा. गिरण्यांच्या जमिनीवर जी मैदाने, वाचनालये, नाट्यगृहे व्हावयास हवी होती, ती मागण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. ज्या गावाला कलापथक नाही आणि ज्या वस्तीला मैदान नाही, तेथील तरुण मद्यगृहाच्या दारात उभा राहिला तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चौथे, नीतीच्या नावावर येणाऱ्या प्रत्येक बंदीला प्रथम हा प्रश्न विचारणे, की हिच्यातून कोण वगळले गेले आहे आणि हिच्यामुळे कोणाची चूल विझणार आहे?

हे काम केवळ मुंबईच्या शाखांचे नाही. केम-जेऊरच्या तरुणाला शहरात जाण्यापूर्वी तेथील किमान वेतन किती, जादा कामाचा दर कोणता, कोणत्या युनियनकडे जावयाचे, एवढी माहिती येथेच मिळाली तर तो मालकाच्या दारात निदान हात जोडून उभा राहणार नाही. तसेच शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, ही मागणी आणि हॉटेलातील पोऱ्याला रात्री घरी जाण्यास गाडी मिळावी, ही मागणी एकाच निवेदनात लिहिता येण्यासारखी आहे. लोखंड्यांच्या काळी मागणी होती ती आठवड्यातील एका दिवसाची. आज ती रोजच्या रात्रीची आहे.